सुमनबाईची डावी कूस

सुमनअक्का माझी थोरली जाऊ. मी उदगीरहून लग्न होऊन हळ्ळीखेडला आले तेव्हा मला कन्नड येत नव्हतं. शेजारच्या बायका आल्या की मी आत जाऊन बसायची. अक्का हाताला धरून बाहेर आणायची आणि म्हणायची, "चुकलं तर चुकू दे. हसतील आन् गप बसतील." तिचं माहेर मंठाळ. अंगानं उंच, हाडानं दणकट. डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन घराची पायरी चढायची. पण स्वतःबद्दल काही बोलायची वेळ आली की तिचं तोंड बंद. तिला ताप आलाय हे आम्हाला तिच्या कपाळाला हात लावल्यावरच कळायचं.

ती कोळारला डाळीच्या गोदामात कामाला जायची. बिदरच्या अलीकडं ते कारखान्यांचं आवार आहे, तिथं वर पत्रा आणि खाली फरशी असलेलं लांबलचक गोदाम. बायकांनी तूर-उडीद निवडायचा, चाळायचा, पोती भरून शिवायची. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की दुपारी आत उभं राहिलं तरी पाठीवरून घाम ओघळतो. आणि एवढ्या बायकांना मुतारी नव्हती. ऑफिसच्या बाजूला एक होती, तिला कुलूप. चावी मॅनेजर आप्पाराव यांच्या खिशात. गोदामामागच्या भिंतीआड जावं तर तिथं ट्रकवाले विड्या ओढत बसलेले. म्हणून बायकांनी एक युक्ती काढली होती. पाणीच प्यायचं नाही. घरून निघताना अर्धा कप चहा, भाकरीबरोबर घशाखाली उतरण्यापुरते दोन घोट आणि मग एकदम घरी आल्यावर. अक्का सोबत न्यायची ती बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत यायची.

"पीत जा की अक्का थोडं," मी म्हणायची.

"पिऊन जायाचं कुटं?" ती म्हणायची, आणि तिथंच विषय संपायचा.

कितीतरी वर्षं असं चाललं. मग एका सकाळी ती अंगणात झाडू मारता मारता वाकली ती सरळच झाली नाही. डाव्या कुशीतून कळ निघून खाली जांघेत उतरत होती. झोपून बरं वाटेना, बसून बरं वाटेना, ओकारी थांबेना. तिला मी तिच्या लेकीच्या, मैत्रेयीच्या, बाळंतपणातही ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ती फरशीवर कपाळ टेकवून कण्हत होती. प्रेमानंद भावजी, तिचे मिस्टर, यांचं गावात पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान होतं. ते दुकान उघडं टाकून धावत आले आणि तिला जीपमध्ये घालून बिदरला घेऊन गेले.

तिथल्या एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडातून खाली पिशवीकडं लघवीची जी वाट येते तिच्यात खडा अडकला होता. अंगात पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, तिच्यातले क्षार एकमेकांना धरतात आणि खडा तयार होतो, असं डॉक्टरांनी भावजींना सांगितलं. खडा मोठा होता, आपोआप पडण्यासारखा नव्हता. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून तो फोडला. कुठं चिरफाड नाही, टाका नाही. अक्का गुंगीत होती. डॉक्टर जे काही बोलले ते भावजींशी, व्हरांड्यात, कन्नडमध्ये. दोन दिवसांनी ती घरी आली आणि आठवड्याभरात चुलीपुढं बसली. आम्हाला वाटलं, मिटलं.

ही दोन हजार एकवीस सालच्या होळीच्या आसपासची गोष्ट. त्यानंतर गावात ताप आला. पहिल्यांदा बसस्टँडजवळच्या दोन घरांत, मग आमच्या गल्लीत. भावजींना खोकला सुरू झाला तेव्हा ते म्हणाले, दुकानातल्या वार्निशचा वास आहे. चौथ्या दिवशी त्यांना दोन वाक्यं सलग बोलता येईनात. माझ्या नवऱ्यानं, संघपालनं, त्यांना बिदरला भरती केलं. आत कुणाला सोडत नव्हते. फोनवर काय ते बोलणं. ते भरती झाल्यापासून अक्का हातात फोन घेऊनच बसायची. एका सकाळी फोन आला तो दवाखान्यातून. शेवटचं तोंडसुद्धा तिला बघायला मिळालं नाही. विहारात त्यांच्या नावानं वंदना घेतली तेव्हा चारच माणसं होती आणि तीही लांब लांब बसलेली.

अक्का रडली नाही. गोदाम पुन्हा सुरू झालं त्या दिवशी ती पहिल्या बसनं कामाला गेली. मैत्रेयी तेव्हा दहावीत होती.

तिचं दुखणं नक्की कधी सुरू झालं ते मला सांगता येत नाही, कारण तिनं कळूच दिलं नाही. मला पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्या उठण्यावरून. सारखी लघवीला जायची आणि आली की दाराच्या चौकटीला धरून थोडा वेळ उभी राहायची. विचारलं तर म्हणाली, "लघवी कराय बसलं की कळ खालून वर पाठीत चढती. जरा थांबलं की जाती." पोतं उचललं त्या दिवशी लघवी लाल व्हायची. गावातल्या डॉक्टरनं उष्णता म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. बरं वाटलं. महिन्याभरानं पुन्हा तेच. हुमनाबादच्या डॉक्टरनं लघवी तपासली, जंतू आहेत म्हणाला, दुसऱ्या गोळ्या दिल्या. पुन्हा बरं वाटलं, पुन्हा तेच. त्यानं सोनोग्राफी करून घ्या म्हणून दोनदा सांगितलं. अक्का गेली नाही.

"कामून जात न्हाईस?" मी एकदा हट्टानं विचारलं.

"खडा परत झाला असंल. परत आपरेशन म्हनतील."

"म्हनू दे. मागं झालंच की."

"मागं झालं आन् मागनं काय झालं?" ती म्हणाली. तिच्या मनात त्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या होत्या. ऑपरेशन झालं आणि घरातला माणूस गेला. आता पुन्हा टेबलावर झोपलं तर जायला मैत्रेयी तेवढी उरलीय, असं तिला वाटायचं. ते ती बोलली नाही, मला कळलं.

मग जो जे सांगेल ते तिनं केलं. हुलग्याचं कढण प्यायली. पानफुटीची पानं रिकाम्या पोटी चावली. टोमॅटो बंद, पालक बंद, दूध बंद. कुणी म्हणालं बोअरचं पाणी खारट आहे म्हणून खडे होतात, तर तिनं ते पाणीही कमी केलं. मुळात पीत होती तेच थोडं. गोदामात सारखं उठावं लागू नये म्हणून सकाळचा चहासुद्धा सोडला. तिचा चेहरा ओढला गेला, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

तिच्या सोबत काम करणारी चंद्रम्मा म्हणून एक बाई होती. तिनं सांगितलं, औरादच्या पुढं एका गावात एक म्हातारी आहे, ती तोंडानं खडा ओढून काढते. ऑपरेशन नाही, सुई नाही. आमच्या घरात असलं कधी चाललं नव्हतं. भावजी असते तर त्यांनी चंद्रम्माला दारातूनच परत पाठवलं असतं. अक्का दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "रूपा, माझ्यासंगं चलतीस का? संघपालला सांगू नको."

मी गेले. म्हातारीच्या अंगणात माणसं रांगेनं बसली होती. आंध्राकडची, महाराष्ट्राकडची, चांगल्या कपड्यातलीही. म्हातारीनं अक्काला पालथं झोपवलं, डाव्या कुशीवर ओलं फडकं ठेवलं, त्यावर वेलीच्या पानाचं नळकांडं करून लावलं आणि ओढलं. दोनदा, तीनदा. मग वाटीत थुंकली. वाटीत तुरीएवढा एक काळपट खडा होता. नदीच्या वाळूत सापडतो तसा, गुळगुळीत. अक्कानं तो पदराच्या टोकाला बांधून घेतला.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, तो खडा तिच्या तोंडातच होता."

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मला ठाव हाय."

"मग?"

"काय तरी करायलाव असं वाटतं गं. घरात बसून नुसतं सोसण्यापरीस बरं."

मग दोन हजार चोवीस सालचा वैशाख आला. गोदामात दुपारची सुट्टी संपली आणि अक्का उठायला गेली तर तिला हुडहुडी भरली. चंद्रम्मा सांगत होती, बाहेर एवढं ऊन आणि ही दातावर दात आपटत होती. तिनं आणि आणखी एका बाईनं अक्काच्या अंगावर रिकामी पोती टाकली तरी थंडी जाईना. मग ती पोत्यांवरच आडवी पडली आणि हाक मारली तरी ओ देईना. आप्पाराव यांनी माल पोचवायचा टेंपो थांबवला, तिला त्यात घातलं आणि बिदरच्या सरकारी दवाखान्यात पाठवून दिलं. मी आणि संघपाल पोचलो तेव्हा तिच्या दोन्ही हातांना सलाईन होतं. डोळे उघडे होते, पण ती मला बघतेय की छताला ते कळत नव्हतं.

तिथं सुकन्या नावाच्या एक डॉक्टर होत्या. वयानं लहान, बोलणं आमच्यासारखंच. त्या म्हणाल्या, बीपी खाली आलंय, जंतू रक्तात गेलेत, कुठून गेले ते बघायचंय. पोटाचा एक्स-रे काढला. फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी बघितली. मग संघपालकडं वळून विचारलं, "यांना नळी कधी घातली होती?"

"कसली नळी?" संघपाल म्हणाला.

त्यांनी आम्हाला जवळ बोलावून दाखवलं. पाठीच्या कण्याच्या बाजूनं एक पांढरी रेघ वरून खाली गेली होती आणि दोन्ही टोकांना तिची गुंडाळी झाली होती. वरची गुंडाळी मूत्रपिंडात, खालची लघवीच्या पिशवीत. दोन्ही गुंडाळ्यांवर पांढरं जाड काहीतरी चढलं होतं. आमच्याकडं पाण्याच्या तोटीवर चुना धरतो ना, तसं. खालचा गोळा तर लिंबाएवढा होता.

"खडा फोडला की आतली वाट सुजते," डॉक्टर म्हणाल्या. "लघवी तुंबू नये म्हणून एक मऊ नळी आत ठेवतात. तीन-चार आठवडे, लई झालं तर दोन-तीन महिने. मग दुर्बिणीतनं ओढून काढतात, पाच मिनिटांचं काम असतंय. यांची नळी काढलीच न्हाई. तिच्यावरच खडे धरलेत. नळी बुजली, वर मूत्रपिंडात पू झालाय."

"आम्हाला कुनी सांगितलं न्हाई," मी म्हणाले.

"कुनाला तरी सांगितलं असंल. सांगितल्याबिगर सोडत न्हाईत."

कुणाला ते आमच्या दोघांच्याही लक्षात एकाच वेळी आलं. संघपाल खाली बाकावर बसला. "दादा मला काय बोलला न्हाई," एवढंच तो म्हणाला.

हे सगळं अक्काच्या खाटेपाशी चाललं होतं. तिला कळत नसेल असं आम्हाला वाटलं होतं. तिनं माझा हात धरला. हात इतका गरम होता की मी दचकले. ती बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी बारीक होता, मला तोंडापाशी कान न्यावा लागला.

"मैत्रेयीच्या अप्पाचा फोन आलता. शेवटचा. धाप लागलेली, बोलता येत नव्हतं. सारखं एकच म्हनत होते. नळी... नळी काढायची... सुमन, नळी काढून घे."

मी तिच्या तोंडापाशी आणखी वाकले.

"मला वाटलं, तेंच्या नाकातली नळी. आक्सिजनची. सोसंना म्हनून काढ म्हनायलेत. मी म्हनलं, काढायची न्हाई, डाक्टर काढतील तवा काढतील, तुमी गप पडा. ते परत म्हनले, काढून घे. मी रागंच भरले. फोन बंद झाला. सकाळी..."

खाटेच्या पलीकडं डॉक्टर सुकन्या सलाईनची गती बघत उभ्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"तीन वर्सं मला वाटायलंय," अक्का म्हणाली, "तेनं सुटका मागितली आन् मी दिली न्हाई. कुनाला सांगू मी हे? आन् ते माझं सांगत होते, रूपा. स्वतःचा जीव चाललाय आन् माझं सांगत होते."

भावजी त्या फोनवर खरोखर कशाबद्दल बोलत होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण अक्काच्या मनात त्या घटकेला ते पक्कं झालं आणि त्यानं तिला बरं वाटलं नाही, उलट ती जास्तच खचली. आधी तिला वाटायचं आपण नवऱ्याचं ऐकलं नाही. आता वाटायला लागलं, नीट ऐकलं असतं तर आपलं हे दुखणंही टळलं असतं. त्यानंतर ती भिंतीकडं तोंड करून पडली.

डॉक्टरांनी तिला कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये मी तिच्या उशाशी बसले. वाटेत हळ्ळीखेड लागतं. गावच्या वळणावर गाडी थोडी हळू झाली, बाहेर भजी तळल्याचा वास आला, पोरं खेळून घरी चालली होती. मला वाटलं तिला सांगावं, आपलं गाव आलंय. मग वाटलं, नको. तिनं डोळे मिटले होते.

कलबुर्गीत पहिलं काम पू काढायचं होतं. त्यांनी पाठीतून सुई घालून मूत्रपिंडात एक नळी सोडली आणि बाहेर पिशवी लावली. पिशवीत जे आलं त्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. पण ताप उतरला. पाचव्या-सहाव्या दिवशी अक्कानं पेज मागितली. नळी आणि तिच्यावरचे खडे काढायला मग दोन वेळा आत न्यावं लागलं. खालचा गोळा लघवीच्या वाटेनं लेझरनं फोडला, वरचा पाठीतून. नळी इतकी कडक झाली होती की ओढताना तिचे तुकडे पडले. सर्जन वयस्क होते, कन्नडच बोलायचे. अक्कानं त्यांच्याकडं ते तुकडे बघायला मागितले. स्टीलच्या ताटलीत पिवळट, ठिसूळ तुकडे होते, जुन्या पाइपचे असतात तसे. ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "न्या."

एवढं करूनही डावं मूत्रपिंड जगलं नाही. आम्ही काही आठवडे वाट बघितली. पिशवीत लघवी जवळजवळ येतच नव्हती, आला तर पूच. स्कॅन केला तेव्हा ते काहीच काम करत नाही असं दिसलं. ठेवलं तर पुन्हा जंतू होणार. शेवटी काढून टाकलं. आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली. उजव्या मूत्रपिंडातही एक बारीक खडा होता.

ते ऐकून मैत्रेयी आईच्या पायाशी येऊन बसली. ती तेव्हा डिग्रीला होती, परीक्षा सोडून आली होती. म्हणाली, "मम्मी, त्याला काय झालं तर मी माझं एक देते."

त्या आजारपणात अक्कानं आवाज चढवला तो एवढा एकदाच. "परत असं बोलशील तर तोंड बघनार न्हाई तुझं." नर्स दारातून डोकावून गेली. मग अक्का रडली. भावजी गेल्यापासून पहिल्यांदा, आमच्या सगळ्यांच्या समोर, तोंड न झाकता.

घरी सोडायच्या आधी सर्जननी तिला समोर बसवलं. माझ्याशी नाही, संघपालशी नाही, तिच्याशीच बोलले आणि प्रत्येक गोष्ट तिच्याकडून पुन्हा वदवून घेतली. एका मूत्रपिंडावर माणूस पूर्ण आयुष्य काढतो, पण ते जपलं पाहिजे. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, संध्याकाळी एकदम नाही. किती प्यायलं ते मोजत बसू नका, लघवीकडं बघा. पिवळी दिसली की कमी पडलं, पाण्यासारखी स्वच्छ झाली की बरोबर. उन्हात घाम जाईल तसं आणखी प्यायचं.

"बोअरचं पानी चालतंय का?" अक्कानं विचारलं. "खारट हाय."

"गोडं मिळालं तर उत्तम. न्हाई मिळालं तर तेच प्या. पानी न पिण्यापेक्षा कुठलंही पिण्याजोगं पानी बरं."

दूध-दही सोडलंय म्हटल्यावर त्यांनी हातच हलवला. ते सोडल्यानं खडे उलट वाढतात, जेवणात थोडं दही घ्या, म्हणाले. कमी करायचं ते मीठ. पापड, लोणचं, शेव. लिंबू पाण्यात पिळून घ्या. पाठीत दुखून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर गोळी घेऊन घरी बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं.

"आन् तोंडानं खडा ओढतेत ते?" अक्कानं विचारलं. मी खाली बघायला लागले.

सर्जन हसले नाहीत. "कातडीतून खडा येत न्हाई, अम्मा," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर ती कामावर परत गेली. आम्ही नको म्हणत होतो. ती म्हणाली, घरात बसलं की कुशीकडंच ध्यान जातंय. आप्पाराव यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तिला पोत्यांवर पडलेलं बघितलं होतं. मुतारीची चावी त्यांनी तिला दिली, फक्त तिला. बाकीच्या बायका अजून तहानेल्याच राहायच्या. चंद्रम्मा तेवढी तिच्या मागून जायची आणि त्यावरून रोज बोलणी खायची.

अक्का पाणी प्यायची ते बघवायचं नाही. तहान म्हणून नाही, भीतीनं प्यायची. प्रत्येक वेळी लघवीचा रंग बघायची. उजवीकडं कुठं जरा ओढ बसली की जागच्या जागी थांबायची, हातातलं तसंच धरून. कूस बदलताना उजव्या अंगावर वळायची नाही.

आणि माघात, सकाळी भाकरी थापताना, उजवीकडं कळ आली. या खेपेला तिनं लपवलं नाही. परातीतला हात तसाच पिठाचा ठेवून ती माझ्या दारात आली. "रूपा, उजवीकडं," म्हणाली. चेहऱ्यावर थेंब थेंब घाम. कलबुर्गीला पोचेपर्यंत तिला लघवीची हाजतच झाली नाही. जे एकच उरलं होतं त्याच्या वाटेत तो जुना बारीक खडा येऊन बसला होता.

सर्जन म्हणाले, वेळ घालवता येणार नाही. दुर्बिणीतून खडा काढतो. आणि आत थोडे दिवस नळी ठेवावी लागेल.

अक्का खाटेच्या कडेला उठून बसली. "नळी नको," म्हणाली. "मारा मला, पर नळी नको." ती सलाईनची सुई ओढायला लागली. मैत्रेयीनं हात धरला, संघपाल हात जोडून उभा राहिला. ती ऐकेना. "एक खाल्लं नळीनं. दुसरं बी खाऊ द्यू का?" मग सर्जननी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. म्हणाले, "अम्मा, नळीनं खाल्लं न्हाई. विसरल्यानं खाल्लं. खडा काढून नळी न ठेवली तर सुजेनं वाट बंद होईल, आणि तुमच्याकडं दुसरी वाट न्हाई. यावेळी तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मला विसरू देऊ नका."

तिनं सुईवरचा हात काढला. मग तिनं विचारलं, "कदी काढनार? वार सांगा."

त्यांनी वार सांगितला. तिनं मान हलवली आणि आडवी झाली.

घरी आल्यावर जो भेटेल त्याला ती सांगायची. विहारात वंदना झाल्यावर उभं राहून सांगितलं. बसच्या कंडक्टरला सांगितलं, गोदामात सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं. "माझ्या पोटात नळी हाय, होळीच्या आदल्या सोमवारी काढायची हाय. मी मेले-बिले तर गोष्ट येगळी, न्हाई तर आठवन करा." लोकांना आधी चमत्कारिक वाटलं. मग बायका तिला बघितलं की विचारायला लागल्या, "अक्का, नळी कधी?" आमच्या गल्लीतल्या दोन घरांत खड्याचं ऑपरेशन झालेली माणसं होती. ती दोघंही आपापल्या डॉक्टरला विचारून आली, आत काही राहिलंय का म्हणून. काही राहिलं नव्हतं.

त्या सोमवारी मी तिच्यासोबत गेले. पाच मिनिटांचंच काम होतं. ती आतून चालत बाहेर आली, बाकावर बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून खूप वेळ तशीच बसून राहिली. मला वाटलं दुखतंय. विचारलं तर म्हणाली, "न्हाई. बसू दे जरा."

आता ती बरी आहे असं म्हणता येईल. दर काही महिन्यांनी सोनोग्राफी होते. ती करायची असते त्या आठवड्यात तिला जेवण जात नाही. रिपोर्ट चांगला आला की एक-दोन दिवस बोलते, हसते, मग पुन्हा गप्प. मैत्रेयीला बिदरला नोकरी लागलीय, ती आईला कामावर जाऊ नको म्हणते. अक्का जाते. परवा चंद्रम्माला कुशीत दुखायला लागलं तर अक्कानं तिला गोदामातून उठवून थेट दवाखान्यात नेलं आणि डॉक्टर बाहेर आले तेव्हा चंद्रम्माच्या नवऱ्याला बाजूला सारून म्हणाली, "हिला सांगा. जे काय आसंल ते हिलाच सांगा."